कोणी उतरायचं नाही

अण्णा,

तुमच्या सहा सिलिंडरच्या पाठीवर हल्ली चूल बांधली आहे. लढाई कुठेतरी लांब चालली आहे, पेट्रोल तिकडे जातं, आणि आमच्या वाट्याला कुपनं येतात. म्हणून मोटारींनी कोळशावर चालावं असं ठरलं. गाडीच्या मागे एक उभं लोखंडी पिंप बसवलं आहे. त्यात बाभळीचा कोळसा पेटवायचा, भाता मारायचा, आणि निघणारा वायू गाळून इंजिनाला पाजायचा. इंजिन ते पितं, पण उपासाच्या दिवशी भगर खाणाऱ्या माणसासारखं, तोंड वाकडं करून. ताकद निम्म्यावर आली आहे. मानोऱ्याच्या अलीकडच्या चढणीवर उतारू पुन्हा खाली उतरून गाडीमागे चालू लागले आहेत, आणि तुम्ही असता तर उपरणं सावरत म्हणाला असता की आले ना बाप्पा मूळ पदावर.

आज तुमची तिथी. सकाळी सगळं यथासांग झालं. कावळ्याने वडा घ्यायला मुळीच वेळ लावला नाही. उलट दुसऱ्या वड्याकडे पाहत तो बराच वेळ कौलावर बसून होता, त्यावरून मला निमंत्रण योग्य ठिकाणी पोहोचल्याची खात्री पटली. ब्राह्मण जेवून गेले, आणि मी गाडीच्या छपरात येऊन बसलो आहे. पिंप गार आहे. बॉनेट उघडं आहे. समोर तेच इंजिन आहे, ज्याच्यावरून तुमची माझी पैज लागली होती, आणि ज्याच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला विचारायची राहून गेली.

पैजेची सुरुवात त्या चढणीवरच झाली. मी तेव्हा पंचविशीत होतो. तुमच्या पाठशाळेत वेदाच्या क्रमपाठापर्यंत येऊन पोहोचलो होतो आणि जटापाठाच्या दारात बसकण मारली होती. तेवढ्यात रिठदच्या एका मळेवाल्याबरोबर भागीदारीत मोटार घेतली. त्याची वांगी, मेथी आणि मिरच्या बाजाराला वेळेवर पोहोचत नव्हत्या आणि माझं चित्त वेदात पोहोचत नव्हतं. दोघांची गरज एकच, लवकर कुठेतरी पोहोचण्याची. एका जमीनदाराची जुनी, लांब नाकाची सहा सिलिंडरची गाडी आम्ही घेतली, तिचं मागचं अंग कापून टाकलं, तिथे बाकं आणि वर ताडपत्री बसवली. खाली मळेवाल्याची माणसं, वर मळेवाल्याची वांगी. घरात आईने मोटारीला ओवाळलं. तुम्ही ओसरीवरून पाहत होता. म्हणालात, "नाक पाह्य कसं लांब आहे. शास्त्रीबुवाच्या घरचीच दिसते."

पाठशाळेत संस्कृत, घरात वऱ्हाडी आणि रागात दोन्ही, अशी तुमची भाषेची वाटणी होती. पैज लागली त्या दिवशी मात्र तुम्ही चढणीवर तिन्ही लोकांना पुरेल इतकं शुद्ध वऱ्हाडी बोललात. मानोऱ्याला पारायणाचं बोलावणं होतं, म्हणून प्रथमच माझ्या गाडीत बसला होता. चढणीच्या पायथ्याशी मी भोंगा दोनदा वाजवला आणि सगळे उतारू मुकाट्याने उतरले. तो त्या रस्त्याचा रिवाजच होता. कोणाची मोटार असो, पायथ्याशी भोंगा वाजला की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळ्यांनी उतरायचं, लेकरं कडेवर घ्यायची, गाडी मोकळी वर जायची आणि माणसं तिच्या धुळीतून मागे चालत यायची. कोणाला त्यात वावगं वाटत नसे. तुम्हाला वाटलं. माथ्यावर तुम्ही आलात तेव्हा भुवयाही पांढऱ्या झाल्या होत्या. तुम्ही जागेवर बसलात, उपरणं झटकलंत, आणि साऱ्या गाडीला ऐकू जाईल असं विचारलंत, "भाडं बसाचं घेतलं, आन् आनलं पायी. धूळ तेवढी फुकट दिली, नाही का?"

सगळी गाडी हसली. माझा भागीदार सगळ्यांत जास्त हसला. मी म्हणालो, "अण्णा, इंजिनाची ताकद तेवढीच आहे. वाढवता आली तर कोणी उतरणार नाही."

"मंग वाढव. कोनी नाही म्हनलं?"

परतीच्या वाटेवर तुम्ही गप्प होता, आणि तुम्ही गप्प असलात की काहीतरी रचत असता हे मला ठाऊक होतं. घरी आल्यावर पाय धुतलेत, पाटावर बसलात आणि अट सांगितलीत. रामनवमीला पोहऱ्याच्या देवीच्या जत्रेला गाडी गच्च भरलेली असते. ती गाडी त्या चढणीवर एकही माणूस खाली न उतरवता चढली, तर मी मोटारवाला. एक जरी माणूस उतरला, तर मी मोटार भागीदाराच्या हवाली करायची आणि पाठशाळेत येऊन तुमच्या शेजारी बसायचं, पुढे तुमच्या जागी बसायचं. "माह्यानं आता होत नाही," असं तुम्ही शेवटी म्हणालात, तोंड दुसरीकडे करून. "पोट्टे सहा आहेत. पन आवाज तुह्या एकट्याचा आहे माह्यासारखा."

थट्टेत सुरू झालेली गोष्ट तिथे थट्टेची राहिली नाही. तुमच्या वडिलांनी तुमच्या तोंडात घातलेलं तुम्हाला कोणाच्या तरी तोंडात ठेवून जायचं होतं, आणि माझ्या तोंडात त्या वेळी बहुधा प्लग पुसायची चिंधी असे. मी हो म्हणालो. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, "माही पैज कोनाच्या बाजूनं लावू?"

मग ते दिवस सुरू झाले ज्यांना आई पुढे कायम "घासलेटाचा महिना" म्हणत असे. तुम्ही रोज संध्या आटोपली की छपरापाशी यायचा, तेलाचा थेंब अंगावर उडणार नाही इतक्या अंतरावर पाट मांडायचा, आणि सोवळ्यातून शंका विचारायचा. मी तुम्हाला इंजिन समजावलं ते तुमच्याच भाषेत. सिलिंडर हवा आणि पेट्रोल आत ओढतो, तो पूरक. मग झडपा मिटून ते दाबतो, तो कुंभक. ठिणगी पडते, भडका होतो, पिस्टन खाली रेटला जातो. मग जळालेलं बाहेर टाकतो, तो रेचक.

"पूरक समजला, कुंभक समजला, रेचक समजला," तुम्ही म्हणालात. "मधात हा भडका कायले?"

"भडक्याशिवाय गाडी चालत नाही, अण्णा."

"आपलं घरही."

"आयकू येते मले," आई आतून म्हणाली.

इंजिन मोठं करणं आमच्या हाती नव्हतं. सिलिंडर तेवढेच, त्यांची पोटं तेवढीच. तेव्हा तीनच वाटा होत्या. एका श्वासात जास्त हवा घ्यायला लावणं, घेतलेली हवा जास्त दाबणं, आणि जळालेली हवा लवकर बाहेर घालवणं. जिनिंगच्या कारखान्यातला फिटर माझ्या ओळखीचा होता. त्याने चौथी वाट सुचवली. जिनात सरकी वेगळी झाल्यावर कापूस ओढून नेणारा पंखा असतो, तसलाच एक लहान पंखा इंजिनाच्या तोंडाशी बसवायचा आणि हवा आत कोंबायची. शर्यतीच्या गाड्यांना विलायतेत असंच करतात, असं त्याने कुठूनसं ऐकलं होतं. मला ती कल्पना फार आवडली. तुम्हाला सांगितली, तर तुम्ही पाटावरून उठलात.

"दुसऱ्याच्या फुकन्यानं कितीक दिवस जगन ते? श्वास ज्याचा त्यानं घ्यावा. नाकात कोंबून कोनी प्राणायाम करते का?"

फिटर म्हणाला की शास्त्रीबुवांचं शास्त्र वेगळं आणि मोटारीचं वेगळं. तुम्ही म्हणालात की पैज तुमची आहे, तेव्हा शास्त्रही तुमचंच. पंखा राहिला. आज वाटतं, बरं झालं. तो पंखा बसवला असता तर पिस्टन चढणीच्या वर गेले असते आणि गाडी खाली राहिली असती.

मग आम्ही साधी कामं केली, पण मन लावून केली. इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, काढून फिटरकडे नेलं आणि त्याच्या यंत्रावर खालून तासून घेतलं, तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढं. त्यामुळे वरची पोकळी लहान झाली आणि दाब वाढला. मळेवाला सारखा म्हणत होता, "लय तासू नका जी, तासलं ते मागं येत नाही." एका मोडीत निघालेल्या लॉरीच्या मोठ्या झडपा मिळाल्या, त्यांच्यासाठी बैठका कापून घेतल्या. हवा आत जायच्या नळ्यांमध्ये ओतकामाचे खडबडे होते, ते कानशीने आणि पॉलिश कागदाने इतके गुळगुळीत केले की तुम्ही म्हणालात, आता यात शाळुंका ठेवली तरी चालेल. झडपा बैठकांवर घासायचं काम मी स्वयंपाकघरात बसून करीत असे, कारण छपरात वाऱ्याने रेती उडे. दोन्ही तळव्यांमध्ये दांडी धरून घुसळायची, रवी घुसळावी तशी. आई समोर ताक घुसळते आहे, मी झडप घुसळतो आहे, दोघांचा आवाज जवळपास सारखाच. झडप नीट बसली की नाही हे घासलेट ओतून पाहतात; गळलं तर पुन्हा घासायची. एक दिवस ते गळलं, आणि कुठे गळलं ते तुम्हाला पानावर समजलं.

तुम्ही भाताचा पहिला घास घेतला, थांबलात, दुसरा घेतला. मग आईला अगदी शांतपणे विचारलंत, "वरनाले आज फोडनी कायची?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मी पानाकडे पाहिलं.

"गाडीले वरन पाज उद्यापासून," तुम्ही म्हणालात, "म्हंजे हिशेब सारखा होईन." आणि उठला नाहीत. अन्न टाकायचं नाही म्हणून ते सगळं वरण संपवलंत. त्या दिवशी अर्घ्य देताना तुम्ही निरांजनापासून चार हात लांब उभे होतात हे आईने मला दाखवलं.

रेचकाची अडचण तुमच्या एका टोमण्याने सुटली, हे मी भागीदाराला कधी सांगितलं नाही. तो अजून ती कल्पना स्वतःची समजतो आणि सुखी आहे. सहा सिलिंडरांचा धूर एकाच आखूड नळीतून बाहेर पडायचा आणि एकाचा उच्छ्वास दुसऱ्याच्या अंगावर जायचा. मी ते तुम्हाला सांगत होतो, तेवढ्यात तुमचे सहा विद्यार्थी पाठ संपवून पाठशाळेच्या ओवरीच्या एकाच दारात एकमेकांना ढकलू लागले. तुम्ही ओरडलात, "तीन जन इकून निघा रे, तीन तिकून. दाराले काय चाटून राह्यले?" आणि मी दुसऱ्या दिवशी फिटरकडून दोन नळ्या वाकवून आणल्या, पुढच्या तिघांना एक आणि मागच्या तिघांना एक.

या सगळ्यात तुम्हाला खरं आवडलं ते एकच, ठिणग्यांचा क्रम. सहा सिलिंडर ओळीने पेटत नाहीत. पहिला, मग पाचवा, मग तिसरा, मग सहावा, दुसरा, चौथा, आणि पुन्हा पहिला, म्हणजे इंजिनाला हिसके बसत नाहीत. हे ऐकलंत आणि तुमचे डोळे लकाकले. क्षणात तुम्ही त्याचा क्रमपाठ बांधलात, प्रत्येक जोडीतला दुसरा पुढच्या जोडीत पहिला. एक पाच, पाच तीन, तीन सहा, सहा दोन, दोन चार, चार एक. उदात्त-अनुदात्तांसकट. मान वर, मान खाली. मी जटापाठ म्हणा म्हणालो तर नकार दिलात. म्हणालात, जटेत मागं यावं लागते, इंजिन मागं येत नसन.

रामनवमीच्या आदल्या दिवशी सकाळी सगळं जोडून झालं. उरल्या होत्या फक्त प्लगच्या वायरी. डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणग्या वाटणारी गोल डबी; तिच्या आत एक बोट फिरतं आणि झाकणावरच्या सहा खुंट्यांना पाळीपाळीने वीज देतं. आजवर मी कधी सगळ्या वायरी एकदम काढल्या नव्हत्या. एक जुनी काढायची आणि तिच्या जागी एक नवी लावायची, एवढंच केलं होतं. या वेळी जुन्या सगळ्या फेकून दिल्या होत्या. मी झाकण उघडून डबी पुसली, हँडल हळू फिरवून पहिला पिस्टन वर आणला, झाकण लावलं. तुम्ही पाटावर होतात. म्हणालात, "मी म्हनतो, तू लाव." आणि सुरू केलंत. एक पाच. पाच तीन. तुमचा तो आवाज, सकाळची वेळ, माझे हात तेलाने माखलेले. पहिली खुंटी, तिच्या उजवीकडची, तिच्या उजवीकडची. देवळात गाभाऱ्याभोवती फिरावं तसा माझा हात फिरत गेला. चार एक म्हणून तुम्ही थांबलात तेव्हा शेवटची वायर बसली होती. इतकी सुंदर वायरिंग मी आयुष्यात केली नव्हती.

मळेवाला तेवढ्यात रिठदहून वांग्यांची बैलगाडी घेऊन आला होता. मी हँडल मारलं. हँडल उलटं उसळलं आणि सायलेन्सरमधून तोफेसारखा आवाज झाला. पिंपळावरचे सगळे कावळे उडाले. बैल उधळले आणि वांगी गल्लीच्या टोकापर्यंत सांडली. आई पदर खोचून टोपलं घेऊन निघाली आणि जाता जाता म्हणाली, "भाजीची चिंता तं मिटली." मी पुन्हा हँडल मारलं, पुन्हा मारलं. मोठ्या मिनतवारीने इंजिन सुरू झालं, पण लंगड्या घोड्यासारखं. सहांतले दोनच चालत होते, बाकीचे खोकत होते.

दुपारपर्यंत आम्ही काय काय तपासलं ते आठवलं की अजून हात दुखतात. कार्बोरेटर उघडला, झडपा पाहिल्या, गास्केट पाहिलं. शेवटी मळेवाला बैलाच्या जुवावर बसला आणि म्हणाला, "म्हनलं व्हतं तुमाले. लय तासलं."

मलाही तेच वाटू लागलं. तासलेलं मागे येत नाही. उद्या सकाळी जत्रेची माणसं दारात उभी राहणार होती, आणि परवा सकाळी मी ओवरीत तुमच्या शेजारी बसणार होतो.

जेवायला आईने त्याच वांग्यांची भरली भाजी केली होती, तुमची सगळ्यांत आवडती. मला तो प्रसंग अजून डोळ्यांसमोर दिसतो. तुम्ही पैज जिंकलेले आहात. आई वाढायला येते. तुम्ही पानावर आडवा हात धरता. आई म्हणते, "जीव बरा नाही का?" तुम्ही म्हणता, "पुरे झालं." भरलं वांगं तुम्ही दुसऱ्यांदा घेतलं नाही असं त्याआधी कधी घडलं नव्हतं आणि त्यानंतरही नाही.

आम्ही छपरात परत आलो. थोड्या वेळाने तुम्ही आलात, पण पाटावर बसला नाहीत. सरळ गाडीपाशी आलात, सोवळं नेसलेले, आणि म्हणालात, "झाकन काढ त्या डबीचं."

"कायले?"

"काढ म्हनतो ना. आन् तू रे," हे भागीदाराला, "हँडल मार. हळू."

त्याने हँडल हळू फिरवलं. तुम्ही वाकलात. तुमच्या पांढऱ्या उपरण्याचं टोक इंजिनाच्या तेलात पडलं आणि तुम्ही ते तसंच राहू दिलंत.

"हे बोट कोनीकडं फिरून राह्यलं?"

मी पाहिलं. डावीकडे.

"आन् तुह्या वायरी?"

मी झाकणावरच्या खुंट्या उजवीकडून मोजल्या, मग डावीकडून. बोट अप्रदक्षिण फिरत होतं आणि वायरी प्रदक्षिणेने लावल्या होत्या. समोरासमोरच्या दोन खुंट्या दोन्हीकडून मोजल्या तरी त्याच येतात, म्हणून पहिला आणि सहावा तेवढे बरोबर पेटत होते. बाकी चौघांना ठिणगी भलत्याच वेळी मिळत होती. दोन पिढ्यांचं वेदाध्ययन त्या डबीभोवती बसलं होतं आणि कोणाचाच हात डावीकडे वळला नव्हता.

"पितरांचं काम करते तुहं इंजिन," तुम्ही म्हणालात. "अपसव्य आहे ते. उलटं लाव."

मळेवाल्याने विचारलं, "बाबा, तुमाले कसं समजलं जी?"

"सकाळीच पाह्यलं होतं. हा हँडल फिरवत होता तवा बोट डावीकडं गेलं."

"मंग सकाळीच काहून नाही सांगतलं?"

तुम्ही उपरण्याचं टोक पिळत म्हणालात, "मले वाटलं, मोटारीचं शास्त्र येगळं असन."

अण्णा, हाच तो प्रश्न जो मी तुम्हाला कधी विचारला नाही. मोटारीचं शास्त्र वेगळं, हे फिटर तुम्हाला महिनाभर सांगत होता आणि तुम्ही ते एकदाही मान्य केलं नव्हतं. नेमकं त्याच सकाळी मान्य केलंत. सकाळपासून दुपारपर्यंत तुम्ही गप्प बसलात, कारण गप्प बसलं की मी परत येणार होतो. मग वांगं घशाखाली उतरलं नाही आणि तुम्ही उठून आलात. असं मी मानतो. तुम्ही हे ऐकलं असतंत तर मला अनुमानाचे पाच अवयव मोडून दाखवले असते आणि माझा हेतू हेत्वाभास ठरवला असता. ठरवा. पण ते वांगं तुम्ही घेतलं नव्हतं, आणि ते प्रत्यक्ष आहे.

वायरी उलट लावल्या. तुम्ही पुन्हा म्हटलंत, मी पुन्हा लावल्या, डावीकडून. पहिल्याच हँडलला इंजिन सुरू झालं, आणि तो आवाज आम्ही कोणीच आधी ऐकला नव्हता. दोन्ही नळ्यांतून एक जाड, सलग स्वर. मळेवाल्याने हात जोडले. इंजिनाला की तुम्हाला ते मी विचारलं नाही. आईने मात्र अंगणात कुंचा घेऊन शांतपणे विचारलं, "आता तरी वांगं खाता का?" तुम्ही दोन खाल्लीत.

दुसऱ्या दिवशी गाडी अशी भरली होती की आत श्वास घ्यायचा तर शेजाऱ्याची परवानगी लागावी. टपावर नैवेद्याच्या गाठोड्यांचा ढीग. तुम्ही माझ्या शेजारी पुढे बसला होतात, पंच म्हणून, आणि पंचासारखंच तोंड केलं होतंत. चढणीच्या पायथ्याशी मी भोंगा वाजवला नाही. काही उपयोग झाला नाही. वर्षानुवर्षांची सवय होती; जागा ओळखीची दिसताच मागची माणसं उठू लागली. बंजाऱ्यांच्या तांड्यावरची एक म्हातारी, तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई, हातभर बांगड्या ल्यालेली, बाहेर पाऊल टाकायच्या बेतात होती. तिचा पाय जमिनीला लागला असता तर पैज तिथेच संपली असती, आणि मी स्टिअरिंग सोडून काही करू शकत नव्हतो.

तुम्ही मागे वळलात. ओवरीतला तो आवाज, ज्याने सहा पोट्टे एकदम गप्प होत, तो मी प्रथमच मोटारीत ऐकला. "बस माय. कोनी उतराचं नाही."

"दरसाल उतरतो ना बाबा. यंदा काहून नाही?"

"यंदा गाडी चालनार आहे. तू बस."

ती बसली. बाकीचे बसले. मी गिअर टाकला. पहिल्या वळणाला इंजिन हसत गेलं. दुसऱ्याला जरा दम खाल्ला. शेवटच्या उभ्या भागावर वेग इतका उतरला की शेजारून जाणारा गुराखी आमच्याबरोबर चालत मळेवाल्याशी गप्पा मारत होता, आणि मला पेडलमधून प्रत्येक सिलिंडरचा दम जाणवत होता. तेव्हा माझ्या शेजारून बारीक आवाज येऊ लागला. एक पाच, पाच तीन, तीन सहा. तुम्ही डोळे मिटले होते आणि मान वर खाली होत होती. मी तुमच्याकडे पाहिलं नाही. चढण संपेपर्यंत तुम्ही थांबला नाहीत.

माथ्यावर मी गाडी उभी केली. वाफ येत होती, पण सहाही चालू होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत; याडी एवढंच म्हणाली की पाय अवघडले. तुम्ही मागे वळून सगळी बाकं नजरेखालून घातलीत, मग पुढे पाहिलंत.

"माही जागा तं आता रिकामी राह्यते बाप्पा," तुम्ही म्हणालात. "तुह्या गाडीत एकही नाही रिकामी. चाल, देवी वाट पाहून राह्यली."

तुमची जागा रिकामी राहिली नाही, हे तुम्हाला कळवायला हवं. त्या सहा पोट्ट्यांपैकी जो दारात सगळ्यांत जास्त ढकलाढकली करायचा, तो आता तिथे बसतो. आवाज तुमच्यासारखा नाही, पण पाठ स्वच्छ आहे आणि त्याच्याकडे आज आठ विद्यार्थी आहेत. मी त्याला म्हणालो, आता आठ सिलिंडर झाले. त्याने माझ्याकडे तुमच्यासारखंच पाहिलं.

आणि चढणीचंही कळवतो. दर वर्षी तुमच्या तिथीच्या दुसऱ्या दिवशी मी मानोऱ्याची खेप स्वतः चालवतो. कुपनांतलं थोडं पेट्रोल त्यासाठी राखून ठेवलेलं असतं. उद्या पायथ्याशी कोळशाचा वायू बंद करीन, पेट्रोलचा नळ फिरवीन, आणि उतारू सवयीने उठायला लागले की मागे वळून म्हणेन. शब्द तुमचेच आहेत, आवाजही बराचसा. बसतात लोक.

हे पत्र पाठवायचं कुठे ते मला माहीत नाही, आणि तुमच्या दिशेने जाणाऱ्या टपालाला अजून तरी माझी हरकत आहे. तेव्हा ते हत्यारांच्या पेटीत राहील, वायरींच्या वेटोळ्याखाली. त्याआधी एकच सांगतो, कारण ओवरीतल्या त्या शहाण्याला कळलं तर तो मला प्रायश्चित्त सांगेल. तुम्ही असेपर्यंत मला अपसव्य करायचा, पितरांसाठी जानवं उलट्या खांद्यावर घ्यायचा, अधिकार नव्हता. आता आहे. म्हणून कोणाचीही मोटार दुरुस्तीला आली आणि डबीतलं बोट डावीकडे फिरणारं निघालं, की वायरी लावण्याआधी मी खाकी सदऱ्याच्या आत हात घालून जानवं उजव्या खांद्यावर घेतो. मग म्हणायला लागतो, एक पाच, पाच तीन. बाहेरून काही दिसत नाही. जानव्याला तेवढं तेल लागतं.